बाळकुमच्या बावीला डोंबिवलीचे मासे

मी हे लिहावं की लिहू नये, याचा बरेच दिवस विचार केला. प्रवासाबद्दल लिहायचं तर माणसानं निदान काश्मीर किंवा काशी तरी पाहिलेली असावी. मी पाहिलं ठाणं, कल्याण आणि डोंबिवली, तेही कामाला गेलो म्हणून. आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वडील वर्षातला बराच काळ मेंढरांमागं असतात, त्यामुळं असं लिहितात का, हे विचारायला घरी कुणी नाही. पण मराठीचे सर म्हणाले, "वर्गात सांगितलंस तेच लिही, उगाच सजवू नकोस." म्हणून धीर केला. कुणाला कंटाळा आलाच तर मधलं सोडून थेट हळदीपाशी यावं. तिथं मजा आहे.

ठाणे

यंदा पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडं हिवतापाची मोठी साथ आली. घरोघर जाऊन लोकांना सांगायला माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्या कॉलेजातून काही मुलं दिवाळीनंतर शिबिराला गेली. त्यात मी होतो. आमची राहायची सोय टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत केली होती. नवरात्रातल्या मांडवाचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेले होते.

पहिल्या सकाळी मी एका हॉटेलात मिसळ मागितली. मालकानं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "तिखट आहे हां. ताक देऊ का सोबत?"

"नको. आम्ही माणदेशातले."

"असं? अरे, याला तर्री वाढ रे अजून!"

शहरात माझी ओळख अशी पहिल्यांदा कुणीतरी मानली. मी डोळ्यांतलं पाणी न पुसता सगळी तर्री संपवली.

आम्हाला शिकवायला दातार साहेब यायचे. हिवताप निरीक्षक. राहायला डोंबिवलीला, निवृत्ती जवळ आलेली, शर्टाची बाही कायम ओली, कारण ते दिसेल त्या पाण्यात हात घालायचे. त्यांनी एका पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन आम्हाला अळ्या दाखवल्या. "ही तिरकी लोंबतेय ना, ही साध्या डासाची. आणि ही पाण्याला समांतर आडवी पडलीय, ही आपली, हिवतापाची. हिला नीट ओळखून ठेवा."

काम सोपं होतं. पिंप, टायर, फ्रिजखालचा ट्रे, फुलदाणी, जिथं पाणी साठलेलं दिसेल तिथं बघायचं. अळ्या दिसल्या तर ओतून द्यायचं आणि भांडं कोरडं करायचं. सगळ्या मुलांना हे एका दमात समजलं. मला समजलं, पण हाताला समजेना. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. आई भाकरी थापून झाल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा कोंबड्यांना घालते. पाहुण्यानं पाय धुतले की ते पाणी दुधीच्या वेलाला जातं. आणि इथं मला सांगत होते, चांगलं नितळ पाणी दिसलं की गटारात ओता. पहिल्या दिवशी एका इमारतीत मी अर्धी बादली ओतली तेव्हा मागं वळून बघितलं, आई उभी आहे की काय असं वाटून.

बाळकुम

माझ्या वाटणीला बाळकुम आलं. एका बाजूला नव्या इमारती वर चढत होत्या आणि त्यांच्या मधोमध जुनं गाव तसंच बसलेलं होतं. कौलारू घरं, दारात सुकत घातलेली जाळी, वाऱ्यानं येणारा खाडीचा खारट वास. पहिल्या घराच्या अंगणात मांडवाचे खांब रोवायचं चाललं होतं. एक धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून खांब उभे करणाऱ्यांना ओरडत होत्या. त्या हिराआय. त्यांच्या घरची मिठागरं आणि भातशेती होती, आता बरीचशी जमीन इमारतींखाली गेलेली.

"कोन रं तू? मतं मागाया आलास काय?"

"नाही. डास बघायला आलोय."

"डास बघाया एवरा लांबशी? तुमचे गावान डास नाय?"

"पाणीच नाही, तर डास कुठून येणार?"

हिराआय एवढ्या हसल्या की मांडवातले दोघं काम सोडून बघायला लागले. "नाव काय तुजं?"

"दादासो."

"एवरासा पोर आन दादा! ये, बस. आदी जेव, मंग डास बघ."

तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढं ती एवढी मऊ, की हातात घेतल्यावर तुटेल अशी भीती वाटली. सोबत निवट्यांचं कालवण होतं. निवट्या हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा. मी तोवर कुठलाच मासा खाल्ला नव्हता. काटा काढायचा कसा हे हिराआयच्या मुलानं, परशानं, मला दाखवलं. लग्न त्याचंच होतं. तो रिक्षा चालवायचा आणि अजून अंगानं उतरलेला दिसत होता. श्रावणात त्याला हिवताप झाला होता.

"असा थरथरत व्हता," हिराआय म्हणाल्या, "की खाट हालं. वर चार गोधऱ्या टाकल्या, वर मी बसली, तरी खाट हालं. साखरपुरा पुढं ढकलला. आता लगीन तरी नीट व्हवंदे."

घरामागं त्यांची बाव होती. आमच्याकडं विहीर म्हणतात, त्यांच्याकडं बाव. काळ्या दगडानं बांधलेली, काठावर एक कोनाडा, त्यात शेंदूर लावलेला देव. नळ आल्यापासून तिचं पाणी पीत नव्हते, पण हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाला न्हाऊ घालायचं ते याच पाण्यानं. लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी धवलारीण पुढं, मागं साऱ्या बायका, असं गाणी म्हणत बावीवर येऊन पाणी न्यायचं. त्यांच्या घरात कुणाची हळद याशिवाय झालेली नव्हती.

अंगणात पाहुण्यांसाठी नळाच्या पाण्यानं भरून ठेवलेली पिंपं होती. मी झाकणं काढली. आडव्या पडलेल्या अळ्या! मला आनंदच झाला, म्हणजे ओळखता आल्या म्हणून. हिराआयना दाखवल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हेंच्यानीच माजा पोर पारला व्हय? वत, वत सगलं!"

मी पहिलं पिंप कलंडलं. पाणी गटाराकडं वाहायला लागलं. एवढं स्वच्छ पाणी. मी पिंप परत उभं केलं. इकडं तिकडं बघितलं. मागं बाव होती. मग मी बादली घेतली आणि सगळ्या पिंपांतलं पाणी, एक थेंब न सांडता, बावीत नेऊन ओतलं. खांब रोवणाऱ्यांपैकी कुणी काही म्हटलं नाही. उलट एकानं पिंप कलतं धरायला मदत केली. पिंपं पुसून उलटी घातली आणि मी समाधानानं टेंभी नाक्याला परत गेलो.

दुसऱ्या दिवशी दातार साहेब आमचं काम तपासायला बरोबर आले. उलटी घातलेली पिंपं बघून माझी पाठ थोपटली. मग बावीत बादली सोडली, वर ओढली आणि ताटलीत पाणी घेतलं. ताटली उजेडाकडं तिरकी धरली.

"गेल्या पंधरवड्यात ही विहीर स्वच्छ होती. इतक्या अळ्या अचानक कुठून आल्या?"

हिराआयनी माझ्याकडं बोट केलं. "यो पोर! कालच्याला पिंपां बावीन वतीत व्हता. मना वाटला साहेबांनी सांगलंय."

मी खालमानेनं सांगितलं, "साहेब, पाणी वाया जाईल म्हणून..."

दातार साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता घरी पाठवणार. तर ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. "इतकी वर्षं नोकरी केली, पण अळ्यांचं स्थलांतर करणारा कार्यकर्ता पहिल्यांदाच भेटला."

सगळं अंगण हसलं. मग साहेब गंभीर झाले. उघड्या विहिरीत अळ्या सापडल्या की ती सिमेंटची फरशी टाकून बंद करायची, असा नियम होता. हिराआयचं हसू थांबलं.

"हलद चार दिवसावं आली नि तुमी बावीला झाकन मारनार?"

"परशाला झालेला ताप पाहिलात ना, हिराबाई?"

"पायलाय. म्हनूनच नाय म्हनत नाय." त्या बावीच्या काठावर बसल्या. "पन साहेब, माजी हलद या पान्यानी उतरली. परशाची उतरंल. उद्याला परशाचे पोरांची कटं उतरंल? नलावं?"

या सगळ्याला कारण मी होतो. मला काठावरच्या देवाकडं बघवेना. साहेबांनी थोडा विचार केला. फरशी येईल, म्हणाले, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण विहिरीत गप्पी मासे सोडले तर ती बसवायचं लांबवता येईल. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. "महिनाभर मी येऊन बघत राहीन. सगळ्या बादल्या स्वच्छ निघाल्या तर फरशी नको. एकदा जरी अळी दिसली तरी विहीर बंद. आणि मासे आणायला जाईल हा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुठं जायचं, साहेब?"

"माझ्या घरी."

डोंबिवली

परशानं रिक्षा काढली. कशेळीचा पूल, भिवंडी, कल्याण असे आम्ही गेलो. तो वाटेत सारखा गात होता. नवरदेवानं लग्नाआधी गावाबाहेर जायचं नसतं, असं आईनं बजावलं होतं, त्यामुळं तो दुप्पट खूश होता. "तुजे चुकीमुलं फिराया भेटला रे, दादा," असं तो दोनदा म्हणाला.

दातार साहेबांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. गॅलरीत सिमेंटची टाकी आणि त्यात करड्या, नखाएवढ्या माशांचा नुसता बुजबुजाट. काकूंनी आम्हाला उपमा दिला आणि वर खोबरं घालता घालता म्हणाल्या, "लोकांच्या गॅलरीत गुलाब असतात, जास्वंद असते. आमच्याकडे हे. पाहुणे आले की आधी टाकी दाखवतात, मग मला."

साहेब त्या दिवशी घरी बरेच बोलले. तरुणपणी ते फवारणीच्या पथकात होते. पाठीला पंप लावून गावोगाव भिंतींवर औषध मारायचे. मला आठवलं, आमची म्हातारी माणसं पांढऱ्या फवाऱ्याच्या गोष्टी सांगतात. ते हेच. पुढं हिवताप इतका कमी झाला की रुग्ण शोधावा लागे. "आम्हाला वाटलं, संपला! ऑफिसात आम्ही पेढे वाटले. जगभर लोकांना तसंच वाटत होतं. युरोपातनं तो गेला, तो परत आला नाही. श्रीलंकेत जवळजवळ गेला होता. तिथं हात सैल सोडला आणि पुन्हा आला. आपल्याकडेही तेच झालं." त्यांनी जाळीनं मासे हळूच आमच्या दुधाच्या किटलीत सोडले. "घालवण्याचं काम जोरात होतं. परत येऊ न देण्याचं काम कंटाळवाणं असतं, त्याला कुणी हार घालत नाही. तेव्हापासून मी पेढा खाल्लेला नाही."

"एकदाही नाही?" परशानं विचारलं. त्याला हे फारच वाईट वाटलेलं दिसलं.

काकू आतून म्हणाल्या, "मुलीला पहिला वर्ग मिळाला तेव्हासुद्धा बर्फी आणावी लागली."

कल्याण

परतताना किटली माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी परशाच्या पाठीत गुडघा मारायचो आणि तो "हलू, हलू" असं स्वतःलाच म्हणायचा. दुर्गाडीच्या पुलाजवळ माशांना हवा मिळावी म्हणून आम्ही थांबलो. पुलाच्या तोंडाशी पाटी घेऊन बसलेली एक कोळीण उठून किटलीत डोकावली.

"काय भाव?"

"विकायचे नाहीत, मावशी. हे डास खातात."

"खरा सांगतस?" तिनं परत बघितलं. "मंग आमचे दारान पन सोर. आमाला निजाया तरी भेटंल." मग लग्न परशाचं आहे हे मी सांगितल्यावर त्याला म्हणाली, "आन लगीन तुजं, नि मासली एवरीशी? सासू काय म्हनंल?"

तिनं परशाला लग्नाचा आहेर म्हणून दोन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पानात बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत. ओळख ना पाळख. आमच्याकडं वाटेवरच्या माणसाला पाणी देतात. इथं पाणी सगळीकडंच आहे, म्हणून बहुतेक चिंबोऱ्या देतात.

बाळकुमला पोचलो तेव्हा अंगणात टेम्पो उभा होता. फरशी आली होती. चार माणसांनी ती उतरवली आणि नारळाच्या झाडाखाली विटांच्या थरावर आडवी ठेवली. मी थेट बावीपाशी गेलो. किटली दोरीला बांधून अलगद पाण्याला टेकवली आणि कलती केली. मासे क्षणभर एका जागी थांबले, मग पसरले.

हिराआयनी वाकून बघितलं. "एवरे बारीक? यांचा कालवन करायचा तर सगली बाव उपसाया लागंल."

मग त्यांनी कोनाड्यातल्या देवाला हात जोडले. माझ्याही हाताला धरून जोडायला लावले.

हळदीचा दिवस

शिबिराचा तो शेवटचा दिवस होता. साहेबांनी आम्हाला सुट्टी दिली आणि स्वतःही आले. आमच्याकडं हळद म्हणजे घरच्या घरी तासाभराचं काम. इथं सगळं गाव पिवळं. ताशे, चुलीवर मटणाची पातेली, तळले जाणारे वडे, आणि बायकांच्या केसांतली आबोली. नारळाखालच्या फरशीवर पाहुणेमंडळी पाय हलवत बसली होती. ती कशाची हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

धवलारीण होत्या बायजाआत्या. म्हाताऱ्या, बारीक, पण आवाज खाडीपलीकडं जाईल असा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. धवले सगळे तोंडपाठ, आणि मध्येच नवीन ओळ जोडायची तर तीही तिथल्या तिथं. त्या धवल्यांतून एकेकाला लग्नाचं आमंत्रण देतात. गावदेवीला, समुद्राला, हळदीला, उखळाला. बायका कळश्या घेऊन बावीवर गेल्या, गात गात पाणी काढलं, गात गात परत आल्या. परशा पाटावर बसला. पहिली कळशी हिराआयनी त्याच्या डोक्यावर धरली आणि ओतली.

पाण्याबरोबर एक मासा आला.

तो परशाच्या कपाळावरून घसरला, हळदीनं माखला आणि मांडीवर तडफडू लागला. कुणीतरी किंचाळलं. कुणी म्हणालं, अपशकुन. ताशे थांबले. हिराआय कळशी धरून तशाच उभ्या राहिल्या. हाही माझाच पाहुणा होता.

बायजाआत्यांनी परशाच्या मांडीकडं बघितलं. एक दम घेतला आणि त्याच चालीत पुढं गायला लागल्या:

"बावीचे पावने आयले गो, हलदीला आयले,
डोंबिवलीशी माहेर सोरुनशी सासरा आयले..."

बायकांनी ओळ उचलली. ताशेवाल्यानं ठेका धरला. परशा हसून हसून पाटावरून खाली यायचा राहिला. मी धावत गेलो, तो पिवळा मासा ओंजळीत घेतला आणि बावीकडं पळत सुटलो. मागून हिराआय ओरडल्या, "दादा, त्याला पन जेवाया पाठव रे!"

मासा जिवंत होता. पाण्यात पडल्या पडल्या हळद सोडून निघून गेला. मी परत आलो तेव्हा दातार साहेब फरशीवर बसून वडा खात होते. हिराआयनी त्यांच्यापुढं पेढ्यांचं ताट धरलं. त्यांनी हात जोडले. "आज नाही, हिराबाई. महिना जाऊ द्या."

घरी

निघताना हिराआयनी मला सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, बांधून दिली. कराडच्या पुढं एसटीत कंडक्टरनं दोनदा विचारलं, "कुणाच्या पिशवीत काय मेलंय?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. घरी आईनं ती सुकट लांबूनच बघितली. नेमके घरी आलेल्या वडिलांनी मात्र आवडीनं खाल्ली आणि आणखी मागितली. आईला मी सगळी हकीकत सांगितली. पिंपांतलं पाणी बावीत ओतलं इथपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात काय चुकलं? सांडलं तर न्हाईस!" अळ्यांचं मी तिला परत समजावलं. तिनं ऐकून घेतलं. तेव्हापासून आमच्या रांजणावर फडकं बांधलेलं असतं आणि ती दर आठवड्याला रांजण घासून कोरडा करते. तळातलं पाणी कोंबड्यांना जातं, ते वेगळं.

पण मला चैन नव्हती. पंधरवडा गेला, महिना गेला. फरशी बसली का? मी परशाला कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथचा नंबर देऊन आलो होतो. बूथवाला मला बघितलं की लांबूनच नाही म्हणून हात हलवायचा. हे लिहायला घेतलं तेव्हाही शेवट मला माहीत नव्हता. सरांना म्हणालो, अर्धवट आहे, देऊ का? ते म्हणाले, थांब थोडं.

परवा दुपारी बूथवाला वर्गाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "ठाण्याचा फोन. पळ."

"दादा!" परशा ओरडत होता, मागं रिक्षांचे आवाज. "साहेब पाच येलां येऊन गेला. कालच्याला शेवटची बादली काडली. एक पन अली नाय. मासे मातर बक्कल, पिलां घातलीन."

"आणि फरशी?"

"ती आयनी ठेवून घेतली. बावीचे बाजूला टाकलीय नि तिच्यावं कोलंबीचे सोडे सुकत घालते. सपाट हाय ना, बरी परते."

परशाच्या बाजूला आकडा पुढं पुढं सरकत असणार, पैसे त्याचे जात होते. मी घाईनं विचारलं, "साहेबांनी पेढा खाल्ला?"

"खाल्ला ना!" परशा म्हणाला. "पन अर्धाच. बाकीचा अर्धा म्हनं पुढले पावसाल्यानंतर."